आत्याच्या दंडातलं कोलेस्टेरॉल

लालबागच्या आत्यानं नागिणीची लस घेतली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन केला. दंड गरम, सुजलेला, अंगात कणकण. "चहाचं पातेलं उचलवत नाहीये रे. काय भरलंय काय त्या सुईत?" संध्याकाळी तिच्याकडे गेलो आणि खोक्यातला घडीचा कागद उलगडून घटक वाचायला लागलो. 'कोलेस्टेरॉल'वर तिनं मला अडवलं. "तेच कमी व्हावं म्हणून रोज रात्री गोळी घेते मी. आणि हे दंडात टोचतात?"

टोचतात, पण पाव मिलिग्रॅम. एका अंड्याच्या बलकात याच्या सातेकशे पट असतं. खरा प्रश्न वेगळाच आहे: लसीत चरबी हवीच कशाला?

जुन्या लसींत अख्खा जंतू असायचा, मेलेला किंवा अशक्त केलेला. आत्याच्या लसीत नागिणीच्या विषाणूच्या अंगावरचं फक्त एक प्रथिन आहे. एकट्या प्रथिनाची शरीर फारशी दखल घेत नाही. शेजारी कुणीतरी आरडाओरडा करावा लागतो. तो करणाऱ्या पदार्थाला अ‍ॅडज्युव्हंट म्हणतात. फ्रान्सच्या गास्तों रामों यांना हे 1920च्या दशकात घोड्यांमुळे उमगलं. घटसर्पाची लस टोचल्यावर ज्या घोड्यांना सुईच्या जागी गळू व्हायचं, त्यांच्या रक्तात प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनं, जास्त सापडायची. मग त्यांनी मुद्दामच लसीत काहीबाही मिसळून पाहिलं: पावाचा चुरा, लेसिथिन आणि चक्क टॅपिओका, म्हणजे आपला साबुदाणा. आत्याची एकादशी असल्यानं हे मी तेव्हा सांगितलं नाही.

आत्याच्या लसीतला आरडाओरडा करणारा एक घटक सॅल्मोनेला कुळातल्या एका जिवाणूच्या बाहेरच्या आवरणातून येतो. त्या चरबीचं नाव लिपिड-ए. एका साखरजोडीला मेदाम्लांच्या शेपट्या लावाव्यात तशी तिची घडण. आपल्या शरीरात अशी चरबी कुठेच बनत नाही, त्यामुळे ती दिसली की आत जिवाणू शिरला हे नक्की. पेशींवरचा टीएलआर-4 नावाचा ग्राहक रेणू ती ओळखतो. ब्रूस बॉयटलर यांनी हे 1998मध्ये उंदरांवर दाखवलं आणि 2011च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. मूळ लिपिड-ए मात्र फार जहाल, ताप चढवून रक्तदाब पाडणारं. म्हणून रसायनशास्त्रज्ञ त्यातला एक फॉस्फेट काढून टाकतात. जहालपणा बहुतेक जातो, हाकाटी उरते. मग पहारेकरी पेशी प्रथिनाचे तुकडे उचलून काखेतल्या लसिका ग्रंथींकडे निघतात. हे ऐकताना आत्यानं नकळत काख चाचपली. तिथे दुखत होतंच.

आता कोलेस्टेरॉल. या लसीत दुसराही एक चेतवणारा पदार्थ आहे, चिलीतल्या एका झाडाच्या सालीतला. ही साल आपल्या रिठ्यासारखी पाण्यात फेसाळते. पण तोच फेसकरी गुण रक्तपेशींची आवरणं फाडतो, कारण हा पदार्थ आवरणातल्या कोलेस्टेरॉलला जाऊन चिकटतो. म्हणून त्याला आधीच कोलेस्टेरॉल देऊन ठेवतात, चरबीच्या सूक्ष्म फुग्यांत. तिथे तो अडकून राहतो.

"म्हणजे भांडखोर पाहुण्याला आल्याआल्या पानावर बसवायचं," आत्या म्हणाली. इतकं नेमकं मला सुचलं नसतं.

फ्लूच्या काही लसींत आरडाओरड्याचं काम स्क्वालीन नावाचं तेल करतं. ते शार्कच्या यकृतातून काढतात, पण राजगिऱ्याच्या तेलातही ते भरपूर असतं आणि आपल्या नाकावरच्या तेलकटपणातही.

आत्याच्या घरापासून हाफकिन संस्था चालत जाण्याइतकी जवळ. 1896च्या प्लेगनंतर जिवाणूशास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत त्यावरची लस बनवली ती मांसाच्या रश्श्यात तूप सोडून. तुपाचे थेंब वर तरंगायचे आणि त्यांच्या खाली प्लेगचे जंतू वडाच्या पारंब्यांसारखे लोंबत वाढायचे. चंबू हलवला की पारंब्या तळाशी, वर नव्या फुटायच्या. मग गरम करून सगळे जंतू मारायचे. तूप इथे अ‍ॅडज्युव्हंट नव्हतं, नुसता तराफा होता. हाकाटीची चरबी जंतू स्वतःच घेऊन यायचे.

आणि प्लेगचा जंतू याबाबतीत मोठा लबाड. पिसवेच्या थंड अंगात असताना त्याच्या लिपिड-एला सहा शेपट्या असतात. माणसाच्या 37 अंशांत आला की तो चारच ठेवतो. चार शेपट्यांची चरबी टीएलआर-4ला जेमतेम जाणवते. पहारा जागा होईपर्यंत जंतू अंगभर पसरलेला असतो.

10 जानेवारी 1897ला हाफकिन यांनी ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. त्यांनाही ताप आला होता, हे सांगितल्यावर आत्याला जरा बरं वाटलं. तिचा दुसरा डोस दोन महिन्यांनी. तिनं भिंतीवरच्या कॅलेंडरात तारखेभोवती गोल केला आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं: आदल्या दिवशी भाजी चिरून ठेवणे.