उपाशी पेशी काय करते: ऑटोफॅजी आणि कॅन्सरचा प्रसार

ठाण्याहून पनवेल लोकल पकडायची, खारघरला उतरायचं आणि रिक्षाने टाटाच्या ॲक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात जायचं, हा आमचा ठरलेला रस्ता. आत्याच्या दुसऱ्या केमोला मी मुगाची मऊ खिचडी आणि उकडलेली अंडी नेली होती. तिने डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं. "नको गं. उपाशी राहिलं की पेशी आपणहून कॅन्सरला खाऊन टाकतात. नोबेल मिळालंय त्याला." सोसायटीच्या ग्रुपवरचा मेसेज तिने उघडून दाखवला. एकादशीचं महत्त्व जपानने सिद्ध केलं, असं त्यात होतं.

नोबेल मिळालं हे खरं आहे. अन्न तुटलं की पेशी स्वतःचेच भाग मोडून खाते हेही खरं. मेसेजमध्ये एकच गोष्ट राहून गेली होती: कॅन्सरची पेशीही पेशीच असते, आणि ही विद्या तिलाही येते.

या विद्येचं नाव ऑटोफॅजी, म्हणजे स्वतःला खाणं. हा शब्द बेल्जियमच्या ख्रिस्तियन द दूव्ह यांनी १९६३ साली लंडनच्या एका परिषदेत वापरला. १९५५ मध्ये त्यांनीच लायसोसोम शोधला होता. लायसोसोम म्हणजे पेशीतली पाचक रसाची पिशवी. खराब झालेली प्रथिनं, निकामी भाग यांची पेशी पुडी बांधते, ती पुडी या पिशवीत रिकामी होते आणि आतला माल सुटा होऊन परत कामाला येतो. मात्र पुडी बांधण्याचा हुकूम कोण देतं, हे पुढची ३० वर्षं कुणाला नीट सांगता येत नव्हतं.

ते कोडं योशिनोरी ओसुमी यांनी यीस्टमध्ये सोडवलं. ब्रेड फुगवणारं तेच यीस्ट. टोकियोमध्ये १९८८ साली त्यांनी स्वतःची लहानशी प्रयोगशाळा थाटली होती. त्यांची युक्ती मला फार आवडते. ज्या यीस्टच्या पाचक पिशवीत पचवणारे रसच नाहीत, असं यीस्ट त्यांनी घेतलं आणि उपाशी ठेवलं. पुड्या येत राहिल्या, पण पचेनात. काही तासांत पिशवी गोल गोल कणांनी भरून गेली आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ते कण आत नाचताना दिसू लागले. तुंबलेल्या मोरीत पाणी कुठून येतंय ते कळावं, तसं. मग हे कण ज्यांच्यात तयारच होत नाहीत असं यीस्ट त्यांनी शोधत नेलं आणि १९९३ पर्यंत १५ जनुकांचा माग काढला. २०१६ चं नोबेल या कामाचं आहे. त्यात उपवासाने कॅन्सर बरा होण्याचा विषयच नाही.

कॅन्सरशी धागा जुळला तो १९९९ मध्ये. अमेरिकेत बेथ लव्हीन यांनी दाखवलं की बेक्लिन-१ हे जनुक ऑटोफॅजी चालवतं आणि गाठीची वाढ रोखतं. स्तनाच्या अनेक कॅन्सरमध्ये या जनुकाची एक प्रत गायब असते, हेही समोर आलं. सगळ्यांना वाटलं, ऑटोफॅजी म्हणजे राखणदार. (पुढे २०१४ मध्ये शंका निघाली: बेक्लिन-१ हे बीआरसीए-१ या स्तनाच्या कॅन्सरशी जोडलेल्या जनुकाच्या शेजारी बसतं, तेव्हा ते गायब होताना यालाही ओढून नेत असेल.) २००६ मध्ये आयलीन व्हाइट यांच्या गटाला उलट चित्र दिसलं. गाठीच्या मधल्या भागात, जिथे रक्त पोचत नाही, तिथल्या पेशी ऑटोफॅजीच्या जोरावरच तग धरून होत्या.

गाठ एका जागी असते तोवर बहुतेकदा सर्जन ती काढू शकतो. माणूस हरतो तो पसरलेल्या कॅन्सरपुढे. लंडनचे स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने गेलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी तपासल्या. कॅन्सर वाटेल त्या अवयवात जात नाही, बी योग्य जमिनीतच रुजतं, असं त्यांनी मांडलं. पण जमीन सापडेपर्यंत बी जगतं कसं?

गाठीतून सुटी झालेली पेशी खरं तर मरायला हवी. ज्या भोवतालच्या जाळीला ती चिकटून असते, तिचा आधार गेला की पेशी स्वतःला संपवते. १९९४ मध्ये या मरणाला अनॉइकिस, म्हणजे बेघरपण, असं नाव मिळालं. २००८ मध्ये जयंत देबनाथ यांच्या गटाला दिसलं की सुटताच पेशी ऑटोफॅजी सुरू करते आणि तेवढ्या शिदोरीवर वेळ काढते. चालण्याचंही तेच. पेशी पुढचं पाऊल चिकटवते आणि मागचं सोडवते. हे सोडवणं ऑटोफॅजीवाचून नीट होत नाही, असं २०१६ मध्ये शिकागोच्या के मॅक्लाउड यांच्या गटाने दाखवलं. ती बंद केल्यावर उंदरांमध्ये मूळची गाठ वाढतच राहिली, पण कॅन्सर पसरणं कमी झालं.

मग ऑटोफॅजी बंद करून टाकावी, असं कुणालाही वाटेल. पण २०२० मध्ये देबनाथ यांच्याच गटाला उंदरांत वेगळंच आढळलं. इतर अवयवांत जाऊन बसलेल्या पेशींची ऑटोफॅजी थांबवली, तर एनबीआर-१ नावाचं प्रथिन साचतं, पेशी आणखी आक्रमक होतात आणि बारीक ठिपक्यांच्या मोठ्या गाठी होतात. त्याच्या दोनच वर्षं आधी, २०१८ मध्ये, दुसऱ्या गटाने दाखवलं होतं की झोपी गेलेल्या, म्हणजे न वाढता पडून राहिलेल्या, पेशी ऑटोफॅजीवरच जगतात. ती तोडली तर त्या मरतात. मला यात भांडण दिसत नाही. निघताना, वाटेत, झोपेत आणि जागं झाल्यावर पेशीची गरज वेगवेगळी असते, आणि औषध कोणत्या घडीला द्यायचं यावर सगळं अवलंबून आहे.

हातात असलेलं औषध जुनंच आहे: हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, मलेरिया आणि संधिवाताची गोळी, कोविडमध्ये घरोघरी माहीत झालेली. ती लायसोसोमची आम्लता घटवते, म्हणजे पुड्या पोचतात पण पचत नाहीत. पेन्सिल्व्हेनियात स्तनाच्या कॅन्सरचे उपचार संपलेल्या, पण अस्थिमज्जेत झोपलेल्या पेशी सापडलेल्या ५१ जणींना ही गोळी, एव्हरोलिमस नावाचं कॅन्सरचं औषध, किंवा दोन्ही देऊन पाहिली. २०२५ मध्ये निष्कर्ष आले: बऱ्याच जणींच्या मज्जेतल्या त्या पेशी नाहीशा झाल्या. चाचणी लहान आहे. कॅन्सर उलटणं खरंच टळतं का, हे मोठ्या चाचणीतूनच कळेल, म्हणून मेडिकलमधून आणून घ्यायची ही गोळी नव्हे.

त्या दिवशी आहारतज्ज्ञांनी आत्याला एवढंच सांगितलं की वजन उतरलं तर पुढची केमो लांबू शकते, आणि प्रथिनं पोटात जायलाच हवीत. तिने अर्धं अंडं खाल्लं. येत्या आषाढात त्या गोष्टीला पाच वर्षं पूर्ण होतील. एकादशी ती अजून करते. राजगिऱ्याचा लाडू, दही आणि दाण्याची आमटी खाऊन.