रिपरच्या संशयितांची यादी आली कुठून?

लंडनच्या व्हाइटचॅपल परिसरात १८८८ च्या ३१ ऑगस्ट ते ९ नोव्हेंबर या काळात पाच बायकांचे खून झाले. 'जॅक द रिपर' या नावानं ओळखला जाणारा हा खुनी सापडलाच नाही. तरीही ड्रुइट, कॉस्मिन्स्की आणि ऑस्ट्रॉग ही नावं आजही हटकून पुढे येतात, ती २३ फेब्रुवारी १८९४ च्या एका टिपणामुळे. ते लिहिलं स्कॉटलंड यार्डचे, म्हणजे लंडन पोलिसांच्या मुख्यालयातले अधिकारी मेलव्हिल मॅकनॉटन यांनी.

हे गृहस्थ यार्डात आले जून १८८९ मध्ये, म्हणजे खून थांबल्यानंतर. त्याआधी ते बंगालमध्ये वडिलांची जमीनदारी सांभाळत होते. १८८१ मध्ये रयतेनं त्यांना चोप दिला आणि त्या निमित्तानं तिथले पोलीस अधिकारी जेम्स मन्रो यांच्याशी त्यांची मैत्री जमली. पुढे मन्रो लंडनचे पोलीस आयुक्त झाले आणि मॅकनॉटनना नोकरी मिळाली. रिपरचा तपास त्यांनी स्वतः केलेला नव्हता. जे लिहिलं ते फायली आणि कानावर आलेल्या गोष्टींवरून.

टिपणाचं निमित्तही लक्षात घ्यायला हवं. 'द सन' या वृत्तपत्रानं थॉमस कटबुश नावाच्या वेड्याकडे बोट दाखवलं होतं. त्याच्यापेक्षा या तिघांवर संशय घ्यायला जास्त जागा आहे, एवढंच मॅकनॉटनना सांगायचं होतं. हे आरोपपत्र नव्हतंच.

ड्रुइटवर त्यांचा जास्त भर. तो डॉक्टर होता, शेवटच्या खुनाच्या सुमारास बेपत्ता झाला आणि घरच्यांनाच त्याचा संशय होता, असं ते लिहितात. प्रत्यक्षात माँटेग्यू ड्रुइट ३१ वर्षांचा बॅरिस्टर आणि शाळामास्तर. थेम्समध्ये ३१ डिसेंबरला त्याचं प्रेत मिळालं, तेव्हा खिशात दगड होते आणि १ डिसेंबरचं रेल्वे तिकीटही. म्हणजे शेवटच्या खुनानंतर तीन आठवडे तो हयात होता. ॲनी चॅपमनचा खून ८ सप्टेंबरच्या पहाटे झाला आणि त्याच दिवशी सकाळी साडेअकराला ड्रुइट ब्लॅकहीथला क्रिकेट खेळत होता. यानं तो सुटत नाही, मध्ये चांगले पाच-सहा तास होते. पण त्याच्याविरुद्धची बाजूही भक्कम होत नाही. राहता राहिली घरच्यांच्या संशयाची गोष्ट. तो कुणी, कुणापाशी बोलून दाखवला, हे टिपणात नाही.

ऑस्ट्रॉगचं नाव तर काढूनच टाकावं. हा भामटा त्या वेळी फ्रान्सच्या कोठडीत होता.

कॉस्मिन्स्कीचं पारडं त्यातल्या त्यात जड. तपासाची सूत्रं सांभाळणाऱ्या डोनाल्ड स्वॉन्सन यांनी एका पुस्तकाच्या समासात पेन्सिलीनं हेच नाव लिहून ठेवलं होतं. साक्षीदारानं त्याला ओळखलं, पण साक्ष द्यायला नकार दिला, असं त्यांचं म्हणणं. मात्र तो लवकरच वेड्यांच्या इस्पितळात मेला असंही ते लिहितात, आणि ॲरन कॉस्मिन्स्की तर १९१९ पर्यंत जगला. पाचांपैकी एक असलेल्या कॅथरिन एडोजची म्हणून अलीकडे गाजलेली शाल आणि तिच्यावरची डीएनए चाचणी यांनीही गुंता सुटत नाही. कॅथरिन एडोजच्या प्रेताजवळच्या वस्तूंच्या पोलिसी यादीत अशी शालच नाही, आणि आईकडून मुलांकडे येणारा मायटोकाँड्रियल डीएनए हजारो लोकांशी जुळू शकतो.

प्रत्यक्ष व्हाइटचॅपलमध्ये तपास केलेले फ्रेडरिक ॲबरलाइन १९०३ मध्ये बोलले. बुडालेल्या माणसाविरुद्ध, म्हणजे ड्रुइटविरुद्ध, प्रेत सापडलं त्या वेळेखेरीज काहीच नाही, असं त्यांनी साफ सांगितलं. त्यांचा स्वतःचा संशय होता तीन बायकांना विष घालून फासावर गेलेल्या जॉर्ज चॅपमनवर. सुरा चालवणारा पुढे विषाकडे का वळेल, या आक्षेपाचं पटेल असं उत्तर मात्र त्यांच्याकडेही नव्हतं.