लायपोसोम

औषध पोटात घेऊन वाहून नेणारी, मेदद्रव्याच्या दुहेरी थराची अतिसूक्ष्म पुटिका. अब्जांश तंत्रज्ञानातील औषधवाहकांपैकी प्रत्यक्ष उपचारात सर्वांत आधी रुळलेला प्रकार. पाण्यात विरघळणारे औषध पुटिकेच्या पोकळीत राहते, मेदात विरघळणारे भित्तीत.

शोधाचे वर्ष १९६१, १९६४ आणि १९६५ असे तीन प्रकारे दिलेले आढळते. केंब्रिजजवळील बाब्राहम येथे ॲलेक बँगहॅम व आर. डब्ल्यू. हॉर्न यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फॉस्फोलिपिडांच्या (पेशीपटलात असणाऱ्या फॉस्फरसयुक्त मेदद्रव्यांच्या) पुटिका दिसल्या. हे निरीक्षण साधारणतः १९६१ च्या सुमाराचे मानतात. निबंध १९६४ मध्ये आला. मात्र ही भित्ती आयनांना (विद्युतभारित कणांना) अडवते, म्हणजे पेशीपटलासारखी वागते, हे बँगहॅम, स्टँडिश व वॉटकिन्स यांनी १९६५ मध्ये दाखविले. औषधवहनापुरते पाहता हेच वर्ष अधिक ग्राह्य वाटते. गळक्या पिशवीत औषध कोण भरणार? आरंभी ‘बँगोसोम’ असेही म्हटले जाई. रूढ नावाचे श्रेय बहुधा जेराल्ड वाइसमन यांना देतात (सु. १९६८). लायपोसोममधून औषध देण्याची कल्पना ग्रेगरी ग्रेगोरिआडिस यांनी १९७० नंतर पुढे नेली.

पेशीत शिरणे हा वेगळाच प्रश्न आहे. पेशीपटल आत वळून कणाला वेढते आणि एंडोसोम या कप्प्यात कोंडते. कप्पा हळूहळू आम्लधर्मी होतो. वेळेत सुटका न झाल्यास पुढे लायसोसोम या पेशीतील पचनकप्प्यातील विकरे औषध नष्ट करू शकतात. यावर तोडगा म्हणजे रक्तात जवळजवळ उदासीन, पण आम्लात धनभारित होणारी मेदद्रव्ये. ती एंडोसोमच्या ऋणभारित पटलाशी मिसळून ते विस्कटतात. पॅटिसिरान (२०१८) हे आरएनए-आधारित औषध आणि कोव्हिडवरील एमआरएनए लसी यांत हीच युक्ती आहे. काटेकोरपणे यांतील वाहक कण लायपोसोम नव्हेत, कारण त्यांत जलीय पोकळी नसते. त्यांना मेद-अब्जांश कण म्हणणे योग्य. तरीही २०१३ च्या एका अभ्यासात कणांतील आरएनएपैकी १ ते २ टक्केच एंडोसोममधून सुटल्याचे आढळले.

डॉक्सिल (डॉक्सोरुबिसिन) या कर्करोगावरील लायपोसोमी औषधाला अमेरिकेत १९९५ मध्ये मान्यता मिळाली. ॲम्फोटेरिसिन-बी हे बुरशीविरोधी औषध लायपोसोममधून दिल्यास मूत्रपिंडांना होणारी इजा घटते. भारतीय लायपोसोमी ॲम्फोटेरिसिनच्या विकासात दिल्ली विद्यापीठ व मुंबईच्या केईएम रुग्णालयाचा सहभाग होता. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या साथीत महाराष्ट्रात ज्या इंजेक्शनांसाठी नातेवाइकांची धावाधाव झाली, त्यांत हेच औषध होते.