डबल येण्याआधीचा पास: ज्युलियस रँडलवरून होणाऱ्या वादाची पार्श्वभूमी

एनबीए या अमेरिकन बास्केटबॉल लीगमधला फॉरवर्ड (पुढच्या फळीतला उंच खेळाडू) ज्युलियस रँडल याचं नाव निघालं की चाहत्यांचे दोन तट पडतात. एक तट 2020-21 चा हंगाम पुढे करतो. न्यूयॉर्क निक्सकडून सरासरी 24.1 गुण, 10.2 रिबाउंड (हुकलेल्या शॉटनंतर पकडलेले चेंडू), 6 असिस्ट (ज्यावर सहकारी गुण करतो असे पास), ‘मोस्ट इम्प्रूव्हड प्लेअर’चा किताब आणि 2013 नंतर प्रथमच प्लेऑफमध्ये (हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) पोहोचलेला संघ. दुसरा तट त्याच वर्षीची अटलांटा हॉक्सविरुद्धची मालिका काढतो. तिथे निक्स 4-1 ने हरले. रँडलची सरासरी 18 गुणांवर, असिस्ट 4 वर आणि नेमबाजी 29.8 टक्क्यांवर आली. खेळाडू तोच, मधे फक्त काही दिवस गेलेले.

भांडण ‘तो पास देतो की देत नाही’ असं मांडलं जातं. आकडे पाहिले तर तो देतो. खरी बोच आहे ती पास कधी सुटतो याची, आणि पोस्टमधल्या फॉरवर्डसाठी हा ‘कधी’ नियमांनी वेळोवेळी पुढे-मागे सरकवला आहे.

पोस्ट म्हणजे रिंगजवळची, पाठ रिंगकडे करून चेंडू मागण्याची जागा. एनबीएच्या सुरुवातीच्या वर्षांतला उंच खेळाडू जॉर्ज मायकन याच्या काळी पेंट, म्हणजे रिंगसमोरचा आखलेला पट्टा, अवघा 6 फूट रुंद होता. उंच माणूस रिंगखालीच ठाण मांडायचा, चेंडू आला की वळून टाकायचा. 1951 मध्ये पेंट 12 फुटांचा झाला, विल्ट चेंबरलेनच्या काळात, 1964 मध्ये, 16 फुटांचा. फिबाने, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने, वेगळी वाट धरली: 1956 पासून 2010 पर्यंत तिथला पेंट समलंब चौकोनी, तळाशी 6 मीटर रुंद होता. आपल्याकडच्या जुन्या सिमेंटच्या कोर्टांवर ही आखणी अनेकांनी पाहिली असेल. पोस्टचा खेळाडू रिंगपासून जितका लांब ढकलला गेला, तितकी त्याला हात आणि नजर दोन्ही चालवायची गरज वाढली. युरोपातले उंच खेळाडू पासिंगमध्ये तरबेज का, याचं थोडं श्रेय या आखणीला द्यायला हरकत नाही.

तरीही पास न देता पोस्टमध्ये राज्य करता येत होतं, आणि त्याचा सर्वोत्तम दाखला बोस्टनचा केव्हिन मॅकहेल. पाठीवर बचावपटू घेऊन तो एका खांद्यावरून वळायचा, शॉटचा आव आणायचा, बचावपटूचे पाय जमिनीवरून सुटले की पिव्हटचा पाय रोवलेला ठेवून त्याच्या हाताखालून पाऊल टाकायचा. 1986-87 मध्ये त्याने मैदानी नेमबाजीत 60.4 आणि फ्री थ्रोमध्ये 83.6 टक्के गाठले. एकाच हंगामात 60 आणि 80 टक्के ओलांडणारा तो पहिलाच. सहकारी मात्र त्याला ‘ब्लॅक होल’ म्हणायचे, कारण चेंडू आत गेला की परत येत नसे. कारकिर्दीची असिस्टची सरासरी 1.7. पण शेजारी 6.3 असिस्टची सरासरी राखणारा लॅरी बर्ड असल्यावर याचं कुणाला काय वाटणार?

मॅकहेलला हे परवडलं याचं दुसरं कारण नियमात होतं. एनबीएत 1947 पासून झोन बचावाला, म्हणजे माणसाऐवजी जागा राखण्याला, बंदी होती. बचावपटूने आपल्या माणसाबरोबर राहायचं, नाहीतर उघडपणे चेंडूवर धावून जायचं. मधे रेंगाळणं हा ‘इल्लीगल डिफेन्स’. त्यामुळे बाकीच्यांना पलीकडच्या बाजूला उभं करून एकाला अर्धं मैदान मोकळं करून देता येई. डबल, म्हणजे मदतीला धावून येणारा दुसरा बचावपटू, आलाच तर तो ढळढळीत दिसे. चार्ल्स बार्कली तर पाठीने रेटत रेटत हवा तितका वेळ ड्रिबल करत आत शिरायचा. अखेर 1999-2000 पासून फ्री थ्रो रेषेच्या खाली रिंगकडे पाठ करून 5 सेकंदांहून जास्त ड्रिबल करण्यावर बंदी आली.

खरा घाव 2001-02 मध्ये बसला. इल्लीगल डिफेन्स रद्द झाला. बचावपटूवर बंधन उरलं ते एवढंच, की कुणाला हाताच्या अंतरावर राहून अडवत नसेल तर पेंटमध्ये 3 सेकंदांहून जास्त थांबायचं नाही. आता दुसरा बचावपटू अर्धवट अंतरावर लोंबकळत राहू शकतो, एक पाऊल टाकून मागे फिरू शकतो. पोस्टमधल्या माणसाला आलेला डबल नव्हे, येऊ घातलेला डबल वाचावा लागतो. पासिंग हा त्याचा जादा गुण राहिला नाही. आत चेंडू देण्याची ती अटच झाली.

हे वाचन नेमकं असं चालतं. डबल तीन दिशांनी येतो. चेंडू आत देणाऱ्याचाच बचावपटू खाली उतरला तर त्या पासरलाच परत द्यायचा; हा सर्वात सोपा पास. वरच्या बाजूने, रिंगपासून लांब टॉपवर उभा असलेला बचावपटू आला तर समोरच्या विंगवर (कोर्टाच्या कडेच्या बाजूला) माणूस सुटतो. बेसलाइनकडून (रिंगमागच्या रेषेकडून) आला तर तो मागून येतो, म्हणून चेंडू हातात पडताच हनुवटीखाली धरून बेसलाइनच्या खांद्यावरून एकदा पाहायचं, मगच पहिलं ड्रिबल. ही एक नजर चुकली की पुढचं सगळं बिघडतं. मान खाली घालून दोन ड्रिबल झाली, चेंडू उचलला आणि मग डबल दिसला, तर उरतो तो उडी मारून टाकलेला पास. ब्लॉकवरून (पेंटच्या कडेच्या, रिंगजवळच्या खुणेवरून) पलीकडच्या कॉर्नरपर्यंत जवळजवळ 30 फूट अंतर आहे. उंच लॉब तेवढा हवेत राहिला की बचाव सावरतो किंवा मधेच हात घालतो. म्हणून पास सपाट आणि जोरात हवा, आणि तो पाय जमिनीवर असतानाच सुटायला हवा.

रँडल डावखुरा. त्याच्यासमोरचा बचावपटू डावीकडची वाट आधीच बुजवून उभा राहतो, त्याला उजवीकडे ढकलतो आणि मदतनीस तिथे वाट पाहत असतो. डावीकडे परत वळण्यात जाणारं अर्धं सेकंद हीच त्याच्या टीकाकारांची मुख्य तक्रार आहे, आणि ती रास्त आहे.

दुसऱ्या बाजूचीही एक गोष्ट ऐकण्याजोगी आहे. पोस्टमधून विंगवर पास गेला, तिथून कॉर्नरला गेला आणि थ्री (तीन गुणांचा शॉट) पडला, तर असिस्ट दुसऱ्या पास देणाऱ्याच्या नावावर लागतो. बचाव फोडणारा पहिला पास बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, दिसतच नाही. 2013-14 पासून सगळ्या एनबीए मैदानांवर माग ठेवणारे कॅमेरे आले आणि असे पास मोजले जाऊ लागले. तोपर्यंत टिम डंकनसारख्या फॉरवर्डला 3 असिस्टच्या कारकिर्द-सरासरीवरून जोखलं जात होतं. 2003 च्या अंतिम मालिकेतल्या सहाव्या सामन्यातला डंकन अपवादच: 21 गुण, 20 रिबाउंड, 10 असिस्ट, 8 अडवलेले शॉट. तिथे पास लपले नाहीत.

सॅक्रामेंटोचा फॉरवर्ड क्रिस वेबर याच्याशी रँडलची तुलनाही नेहमी होते. ती थोडी फसवी वाटते. सॅक्रामेंटोत पीट कॅरिल सहायक प्रशिक्षक होते. त्यांच्या प्रिन्स्टन पद्धतीत वेबर आणि व्लादे डिवाच हाय पोस्टवर, फ्री थ्रो रेषेच्या आसपास, चेंडू घेत आणि बाकीचे त्यांच्या पाठीमागून कट मारत, म्हणजे अचानक रिंगकडे धावत. तिथे तोंड रिंगकडे असतं, अख्खं मैदान समोर असतं. ब्लॉकवर पाठ करून उभ्या माणसाला ती चैन नाही.

ऑक्टोबर 2024 मध्ये रँडल कार्ल-अँथनी टाउन्सच्या बदल्यात मिनेसोटाला गेला आणि वाद सामानासोबत गेला. 2025 च्या प्लेऑफमध्ये दोन्ही तटांना पुरेल इतका दारूगोळा मिळाला. जायबंदी स्टेफ करीविना खेळणाऱ्या गोल्डन स्टेटविरुद्ध तिसऱ्या सामन्यात त्याने 24 गुण, 10 रिबाउंड आणि 12 असिस्ट केले. पुढच्याच फेरीत ओक्लाहोमा सिटीने ड्रिबल खाली पडता पडता चपळ गार्ड अंगावर सोडले, चेंडू आत येण्याआधीच वाट अडवली. दुसऱ्या सामन्यात 11 पैकी 2 शॉट आणि 6 गुण, चौथ्यात 7 पैकी 1 आणि 5 गुण. मालिका 4-1 ने गेली.