‘हार्वर्ड’ म्हणजे नक्की कोणती? संदर्भलेखनाच्या नियमांची पार्श्वभूमी

तळटिपांचा काळ विज्ञानलेखनात लवकर सरला. मधे एक नवी टीप घातली की खालचं ‘तत्रैव’ (म्हणजे ‘आधीच्याच ग्रंथात’) भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागतं. प्रयोगशास्त्रांना हे परवडणारं नव्हतं. उरल्या दोन पद्धती: कंसात आडनाव आणि वर्ष, किंवा नुसता क्रमांक.

पहिलीला सर्रास ‘हार्वर्ड’ म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. त्या विद्यापीठातल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने १८८१ मध्ये बिनशंखाच्या गोगलगाईच्या अंड्यांवर प्रदीर्घ निबंध लिहिला. त्यात मजकुरातच कंसात नाव-वर्ष देण्याची रीत दिसते आणि या पद्धतीचा उगम सहसा तिथे दाखवला जातो. पण विद्यापीठाने या नावाची अधिकृत नियमपुस्तिका कधी चालवली नाही. त्यामुळे ‘हार्वर्ड’ हे शैलीचं नाव नसून कुळाचं नाव आहे. नाव आणि वर्ष यांमध्ये स्वल्पविराम हवा की नको, दोन लेखकांमध्ये ‘आणि’ की त्याचं चिन्ह, यादीत वर्ष कंसात की उघडं, लेखाचं शीर्षक अवतरणात की साधं, ‘एट अल.’ (म्हणजे ‘आणि इतर’) तीन लेखकांपासून की चारांपासून, या प्रत्येक बाबतीत कुळातली घरं वेगळी वागतात. ‘संदर्भ हार्वर्ड पद्धतीने द्या’ एवढीच सूचना देणारा संपादक प्रत्यक्षात काहीच सांगत नसतो. अशा वेळी त्याच नियतकालिकाच्या ताज्या अंकातून लेख, ग्रंथातलं प्रकरण आणि संकेतस्थळ अशा तीन नोंदी उतरवून घ्याव्यात आणि विरामचिन्हांसह त्यांचं अनुकरण करावं.

सर्वांत फसवा भाग वर्षाला जोडलेल्या अक्षराचा. एकाच लेखकाचे एकाच वर्षातले दोन लेख असले की २०१५अ, २०१५ब करतात. पण ‘अ’ कोणाला? काही घराण्यांत शीर्षकाच्या वर्णक्रमाने पहिल्याला, काहींत मजकुरात आधी आलेल्याला. शेवटच्या खर्ड्यात तिसरा लेख शिरला की यादीतली अक्षरं सरकतात आणि हाताने लिहिलेली मजकुरातली तशीच राहतात. वाचक चुकीच्या लेखापाशी पोहोचतो आणि ही चूक मुद्रितशोधकालाही सहसा दिसत नाही, कारण दोन्ही नोंदी अस्तित्वात असतात.

क्रमांकपद्धतीचा निर्णायक टप्पा १९७८ चा. काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक व्हँकूव्हर शहरात भेटले. तेव्हा एकाने नाकारलेला लेख दुसऱ्याकडे पाठवायचा तर यादी पुन्हा टंकावी लागे. पुढच्या वर्षी समान नियम प्रसिद्ध झाले: मजकुरात ज्या क्रमाने उल्लेख येईल तोच क्रमांक, नियतकालिकांची ठरलेली संक्षिप्त नावं, २८४–२८७ ऐवजी २८४–७. सहापर्यंत सगळे लेखक. सातवा आला की पहिले तीन आणि ‘एट अल.’. पुढे या तीनाचे सहा झाले. तक्त्यातल्या संदर्भाचा क्रमांक तक्त्याचा मजकुरात प्रथम उल्लेख जिथे येतो त्यावरून ठरतो. हे विसरल्यामुळे छापील लेखात १७ नंतर थेट २२ दिसतो. वरच्या बाजूला छापलेला क्रमांक मोजमापाला चिकटला तर घातांक वाटतो, म्हणून तो एककाशेजारी ठेवू नये.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेची (एपीए) लेखन-नियमावली १९२९ मध्ये अवघ्या सात पानांची होती. आज ती चारशेहून अधिक पानांची आहे. तिच्या २०१९ च्या आवृत्तीने प्रकाशनस्थळ काढून टाकलं आणि यादीत वीसपर्यंत लेखकांची नावं देण्यास सांगितलं. स्थळ गेलं ते योग्यच झालं. प्रकाशकाचं नाव कळल्यावर शहराने वाचकाची शोधाशोध कमी होत नाही.

१९८५ मध्ये संदर्भयादी आपोआप मांडणारी बिबटेक ही संगणकप्रणाली आली आणि विरामचिन्हं यंत्राकडे गेली, चुका मात्र नोंदीच्या रकान्यांत शिरल्या. त्याच्या अनेक शैली शीर्षकातली मोठी अक्षरं लहान करतात. रासायनिक सूत्रं आणि विशेषनामं महिरपी कंसात ठेवली नाहीत तर बिघडतात. दोन शब्दांचं आडनाव स्वल्पविरामाशिवाय भरलं तर पहिला शब्द नावात ढकलला जाऊ शकतो. सादर करण्यापूर्वी संदर्भ साध्या मजकुरात बदलले की क्रमांक आपोआप सरकत नाहीत, म्हणून संदर्भांच्या संगणकप्रणालीशी जोडलेली मूळ प्रत वेगळी जपावी.

२००० पासून रुळलेल्या डीओआयने, म्हणजे लेखाच्या कायमच्या डिजिटल ओळखक्रमांकाने, पान क्रमांकांवरचा भार हलका केला. आधी तो ‘डीओआय’ हे उपपद लावून लिहीत, आता पूर्ण दुव्याच्या रूपात लिहितात. नोंदीच्या शेवटी सवयीने दिलेला पूर्णविराम दुव्याला चिकटला तर तो उघडत नाही. ओळ तुटताना घुसलेली संयोगरेषाही तेच करते. छपाईपूर्वी प्रत्येक डीओआय एकदा उघडून पाहावा.