ट्राम जिथे संपायची, तिथली नाणी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या ट्राम कंपन्यांपुढे एक अडचण होती. आठवडाभर कामगार आणि कारकुनांनी भरून धावणाऱ्या गाड्या रविवारी रिकाम्या पडत. मग कंपन्यांनीच शहराबाहेर, ट्रामचा मार्ग संपतो तिथे बागा उभारल्या. तळं, बँडस्टँड, नाचाचा हॉल, मेरी-गो-राउंड आणि सहलीला आलेल्यांसाठी गर्द झाडी. फिलाडेल्फियाजवळचं विलो ग्रोव्ह पार्क १८९६ साली असंच सुरू झालं. पुढे घरोघरी मोटारी आल्या, १९३०च्या दशकात महामंदी आली आणि अशा बहुतेक बागा बंद पडल्या. पिट्सबर्गजवळच्या केनीवुडसारख्या मोजक्याच टिकल्या. विलो ग्रोव्हच्या जागी आज मॉल आहे. इतर कित्येक ठिकाणी नुसतं रान माजलं आहे.

या बागांत सगळा व्यवहार सुट्ट्या पैशांचा होता. लोक गवतावर लोळत, पोहायला जाताना झाडाआड कपडे बदलत, आणि खिशातली नाणी पडत. हौशी शोधकर्ते आधी जुने नकाशे आणि पिक्चर पोस्टकार्डं धुंडाळून तिकीटखिडकी कुठे होती, पोहण्याचा काठ कुठे होता ते ठरवतात, आणि मगच मेटल डिटेक्टर काढतात.

डिटेक्टरच्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सेकंदाला हजारो वेळा दिशा बदलणारा विद्युतप्रवाह वाहतो. त्यामुळे बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार होतं. ते मातीतल्या नाण्यापर्यंत पोचलं की नाण्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात आणि नाण्याचं स्वतःचं इवलंसं चुंबकीय क्षेत्र उमटतं. दुसरी कॉइल ते टिपते. हे उत्तर किंचित उशिरा येतं, आणि हा उशीर धातूनुसार, आकारानुसार बदलतो. चांदी उत्तम वाहक, म्हणून तिचा उशीर जास्त. यंत्र त्याचाच एक आकडा करून पडद्यावर दाखवतं. नाण्याची किंमत, वय, त्यावरचं चित्र यातलं काहीही त्याला कळत नाही.

खोलीची अडचण तर फार मोठी. क्षेत्र जाताना क्षीण होतं आणि परत येतानाही. छोट्या वस्तूचं अंतर दुप्पट झालं की संकेत जवळपास ६४ पटींनी घटतो. जेमतेम १८ मिलिमीटर व्यासाचं, अडीच ग्रॅमचं डाइम, म्हणजे दहा सेंटचं नाणं, वीतभर खोल गेलं की सरावलेल्या कानालाही यंत्राचा बीप जेमतेम ऐकू येतो.

नाणं इतकं खाली जातं कसं? बरंचसं काम गांडुळांचं. ती खालची माती खाऊन वर आणून टाकतात आणि वर पडलेली वस्तू हळूहळू गाडली जाते. चार्ल्स डार्विनने गांडुळांवरचं पुस्तक १८८१ साली प्रसिद्ध केलं आणि जमिनीवर पडलेल्या वस्तू गाडून जपून ठेवल्याबद्दल पुरातत्त्वज्ञांनी त्यांचे आभार मानायला हवेत, असं त्यात म्हटलं. त्याच वर्षी टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरात रुतलेली गोळी मेटल डिटेक्टरसारख्याच विद्युतचुंबकीय यंत्राने शोधत होता. पलंगाच्या पोलादी स्प्रिंगांनी संकेतात घोटाळा केला, शिवाय शोध घेतला गेला उजव्या बाजूला आणि गोळी होती डावीकडे. गारफिल्ड वाचले नाहीत. मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते वेगळंच: हिमयुगात बर्फाखाली गेलेल्या उत्तर अमेरिकेच्या पट्ट्यात मूळची गांडुळं जवळपास उरलीच नव्हती. आज तिथे दिसणारी बहुतेक गांडुळं युरोपीय वसाहतींबरोबर आलेली आहेत. म्हणजे त्या पट्ट्यात नाणी पाडणारे आणि ती गाडणारे, दोघेही बाहेरूनच आले!

खोलीवरून वय मात्र ठरवता येत नाही. मुळं, गोठणारी-वितळणारी माती, पालापाचोळा, सगळेच हिशेब बिघडवतात. तिथे कचरा मदतीला येतो. पेयाच्या डब्याच्या झाकणाची ओढून काढायची ॲल्युमिनियमची कडी १९६०च्या दशकात आली आणि १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून मागे पडली. ती सापडली की त्या थरात त्या काळची माणसं वावरली हे नक्की. पण हीच कडी डोकेदुखीही आहे: पाच सेंटच्या निकेल नाण्याचा, सोन्याच्या बारीक अंगठीचा आणि हिचा संकेत जवळपास सारखाच. कडी टाळायची म्हणून यंत्राला तो आकडा गाळायला लावला, तर निकेलही हातचं जातं.

बाहेर आलेली नाणीही आपलं रसायनशास्त्र घेऊन येतात. १९६४पर्यंतच्या डाइममध्ये ९० टक्के चांदी, उरलेलं तांबं. ते बहुधा ओल्या मातीतूनही चकाकत निघतं. तीन भाग तांबं आणि एक भाग निकेल असलेलं पाच सेंटचं नाणं तांबूस-तपकिरी होतं. ब्राँझचा जुना सेंट हिरवा पडतो. आणि १९८२नंतरचा सेंट, जस्तावर तांब्याचा पातळ मुलामा दिलेला, मुलामा फाटताच आतून कुरतडला जातो. सगळ्यात नवं नाणं सगळ्यात आधी संपतं.

म्हणूनच नाणं उचलण्याआधी जागा, खोली आणि शेजारी काय होतं हे टिपून ठेवायलाच हवं, असं माझं ठाम मत आहे. एकदा पिशवीत पडलं की ही माहिती परत मिळत नाही. सगळीकडे खणताही येत नाही. वॉशिंग्टनजवळचं ग्लेन एको पार्क १९६८मध्ये बंद पडलं. ते आता राष्ट्रीय उद्यान सेवेकडे आहे, आणि तिथे डिटेक्टर चालवायला बंदी आहे. १९६१पर्यंत कृष्णवर्णीयांना या बागेत प्रवेश नव्हता, हेही तिथल्या मातीचा अर्थ लावताना लक्षात ठेवावं लागतं. खासगी जमिनीवर मालकाची परवानगी लागते. भारतात तर १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली, तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावंच लागतं.