खरा डायनर आणि डायनरचा देखावा

लंडनमध्ये एका संध्याकाळी पाऊस चुकवायला आम्ही समोर दिसलेल्या अमेरिकन डायनरमध्ये शिरलो. काळ्या-पांढऱ्या चौकटींची फरशी, लाल रेक्झिनची बाकडी, गोल फिरणारी स्टुलं, भिंतीवर जुन्या गाड्यांची चित्रं आणि टेबलावर नाणं टाकून गाणं लावायची चकचकीत पेटी. बायको खूश. "अगदी अमेरिकेत आल्यासारखं वाटतंय!" सोबत तिचा धाकटा भाऊ होता, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसन गावात सोळा वर्षं काढलेला. तो मेनू कार्डावरून नजर न काढता म्हणाला, "ताई, आमच्या एडिसनला असलं काही नसतं गं."

थोडी अतिशयोक्ती होती, पण मुद्दा बरोबर होता. डायनर या एकाच नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी जगभर फिरतात. एक म्हणजे गल्लीतलं रोजचं खाणावळवजा हॉटेल आणि दुसरं म्हणजे १९५० च्या दशकाचा नेपथ्यासकट उभा केलेला देखावा.

पहिल्याची सुरुवात चाकांवर झाली. १८७२ मध्ये अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातल्या प्रॉव्हिडन्स गावात वॉल्टर स्कॉट नावाचा माणूस (कादंबरीवाला नव्हे, हा छापखान्यात काम केलेला) रात्री घोडागाडीतून खायला विकू लागला. बाकीची हॉटेलं बंद झाल्यावर वर्तमानपत्राच्या रात्रपाळीवाल्यांना दुसरं मिळणार काय? पुढे गाडीतच बसून खायची सोय झाली, गाड्या मोठ्या झाल्या आणि त्या बनवणारे कारखाने मॅसॅच्युसेट्समध्ये आणि न्यू जर्सीत उभे राहिले. जुना रेल्वेचा डबा आणून ठेवलाय असं डायनर बघून अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा तसं नसतं. तो हॉटेल म्हणूनच कारखान्यात तयार व्हायचा, फक्त रस्त्याने किंवा रेल्वेने नेता यावा म्हणून लांबट आणि अरुंद ठेवायचे. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरातला मिकीज डायनर १९३७ मध्ये न्यू जर्सीत बनला आणि रेल्वेने तिकडे रवाना झाला. आत लांबलचक काउंटर, पलीकडे तवा, अलीकडे स्टुलं. अरुंद जागेत एवढंच मावतं.

न्यू जर्सीत पुढे हा धंदा मोठ्या प्रमाणावर ग्रीक स्थलांतरितांच्या हातात आला. त्यामुळे तिथल्या मेनू कार्डाची चोपडीच असते: पॅनकेक, अंडी हव्या त्या प्रकारात, मीटलोफ (खिम्याची भाजलेली वडी), आणि त्याच पानावर सुव्हलाकी (सळईवर भाजलेलं मांस) नि पालक-चीज भरलेली ग्रीक पाई. चीज आणि ग्रेव्ही ओतलेले 'डिस्को फ्राइज' हा खास तिथला प्रकार. ऑम्लेट रात्री अकरालाही मिळतं. शाकाहारी माणूस ग्रिल्ड चीज, पॅनकेक आणि परतलेल्या बटाट्यांवर निभावून नेतो. इराणी लोकांनी मुंबईत जे केलं तेच इथे ग्रीकांनी केलं, असं मला नेहमी वाटतं: परक्या शहरात कोपरा धरायचा, लवकर उघडायचं, उशिरा मिटायचं आणि कपभर चहा-कॉफीवर तासभर बसलेल्याला उठवायचं नाही.

मग देखाव्याचा डायनर कुठून आला? साठच्या दशकापर्यंत फास्ट फूडच्या साखळ्यांनी डायनरला मागे रेटलं होतं. सत्तरच्या दशकात सिनेमा-टीव्हीवर १९५० च्या दशकाच्या आठवणींची लाट आली आणि त्या आठवणींची हॉटेलं निघाली. जॉनी रॉकेट्स लॉस एंजेलिसमध्ये सुरू झालं ते १९८६ मध्ये, म्हणजे ज्या काळाची ते आठवण काढतं त्यानंतर तीस वर्षांनी. असल्या ठिकाणी मेनू आखूड असतो: बर्गर, फ्राइज, हॉटडॉग, मिल्कशेक. ग्रीक माणूस गायब. रात्रपाळीवालाही गायब. आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या शहरांत काळ्या माणसाला काउंटरवर बसू देत नसत, त्याविरुद्ध १९६० मध्ये ग्रीन्सबरो इथे चार विद्यार्थ्यांना एका दुकानाच्या लंच काउंटरवर ठाण मांडावं लागलं, ही आठवणही त्या गुलाबी निऑनमध्ये बसत नाही.

मुंबईकराला हे पटकन कळेल. लंडनमध्ये २०१० पासून डिशूम आहे, इराणी कॅफेच्या आठवणीवर बेतलेलं. जेवण उत्तम, सजावट मन लावून केलेली. पण ते म्हणजे धोबीतलावचं कयानी नव्हे, आणि तसा त्याचा दावाही नाही.

गोंधळ वाढवणारी गंमत पुढेच आहे. न्यू जर्सीतल्या कितीतरी मालकांनी साठ-सत्तरच्या दशकात आपल्या डायनरचं बाहेरचं चकचकीत स्टील झाकून दगडी भिंती आणि कमानी लावल्या, कारण स्टील जुनाट वाटायला लागलं होतं. नंतर देखाव्याचे डायनर लोकांना आवडतात म्हटल्यावर काहींनी पुन्हा नवं क्रोम चढवलं. उलट १९४० च्या दशकात न्यू जर्सीत बनलेला एक अस्सल डबा समुद्र ओलांडून लंडनमध्ये थेम्सकाठी येऊन ठेपला. तेव्हा भिंत बघून निकाल लावू नये. कॉफी बघावी. एडिसनला मेव्हण्याच्या नेहमीच्या डायनरमध्ये मी अर्धा कप संपवतो न संपवतो तोच साठीची बाई काचेचं भांडं घेऊन आली, "हनी," म्हणत कप काठोकाठ भरला आणि पुढच्या टेबलाकडे वळलीसुद्धा. मी मागितली नव्हती, तिने विचारलं नव्हतं, बिलात एकच कॉफी.

लंडनला मी दुसरी मागितली. पोरगा हसतमुख होता, कॉफीही बरी होती. बिलावर दोन कॉफ्या आणि साडेबारा टक्के सेवाशुल्क. त्यात चूक काहीच नाही, तिथली पद्धतच ती. टिप मिळणाऱ्या कामगाराची किमान रोख मजुरी अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यात १९९१ पासून तासाला २.१३ डॉलरवर अडकली आहे (न्यू जर्सीत ती जास्त आहे), म्हणून तिथे टेबलावर पैसे ठेवणं ही मेहेरबानी नसते, पगारच असतो. लंडनमध्ये सेवाशुल्क आधीच भरलं होतं. तरी निघताना मेव्हण्याने बशीखाली दोन पौंडांचं नाणं सरकवलंच.

"अरे, बिलात घेतलेत ना त्यांनी!" बायको म्हणाली.

"माहितेय गं ताई," तो कोट चढवत म्हणाला, "हात जातो."